पहारा सोडायला नकार

"रायफल लोड आहे?" मी विचारलं.

"आहे असंच धरून चला, मॅडम," इन्स्पेक्टर कदम म्हणाले.

आम्ही तहसील कचेरीच्या आवारात कडुलिंबाच्या बुंध्याआड उभे होतो. समोर निजामाच्या काळातली दगडी इमारत आणि तिला लांबलचक व्हरांडा. व्हरांड्याच्या एका टोकाला उपकोषागार, म्हणजे तालुक्याची सरकारी तिजोरी. तिच्या जाळीच्या दारासमोर एक पोलीस शिपाई खांद्याला रायफल लावून फेऱ्या मारत होता. शेवटच्या खांबापर्यंत जायचा, टाच आपटून वळायचा, परत यायचा. पुन्हा जायचा. फरशीवर बुटांचा आवाज सारखा येत होता. तो थांबला की आवारातले सगळे वाकत. तो चालायला लागला की सगळे सरळ होत.

शिपायाचं नाव देविदास राठोड. सकाळी तो पहाऱ्यावर उभा राहिला होता. त्याची वेळ केव्हाच संपली होती. बदलीवर आलेल्या शिपायावर त्यानं रायफल रोखली आणि त्याला हाकलून दिलं. तेव्हापासून तो कोणाला जवळ येऊ देत नव्हता. जाळीच्या आत तिजोरीचा कारकून अडकला होता.

गावाचं नाव देत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. हिंगोली जिल्हा होऊन काहीच वर्षं झाली होती, एवढं पुरे. मी तेव्हा जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होते. त्या दिवशी हट्टा गावी तपासणी शिबिर होतं. रांग अर्ध्यावर असताना पोलिसांची जीप आली आणि मला घेऊन निघाली. ड्रायव्हरला एवढंच माहीत होतं: "एक मेंटल केस हाय, मॅडम. पर यावेळी आपलाच मानूस हाय."

"यावेळी" हा शब्द बरोबर होता. कारण त्याआधी पोलिसांबरोबर अशा बऱ्याच ठिकाणी मी गेले होते. कोणी कुऱ्हाड घेऊन घरात कोंडून घेतलेलं असायचं, कोणी टॉवरवर चढलेलं असायचं. कायद्यानं मनोरुग्णाला ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना होता. कसं घ्यायचं, हे कायद्यात नव्हतं. दार फोडायचं, चौघांनी अंगावर बसायचं, दोरीनं बांधायचं, ही रूढ पद्धत होती. त्यात माणसं जखमी होत. म्हणून आमच्यात एक तोंडी व्यवस्था ठरली होती. दार फोडण्याआधी दवाखान्यात कळवायचं.

माझे नियम थोडे होते. सायरन नाही. बोलणारा एकच. आणि समोर जाणाऱ्यानं गणवेशात जायचं नाही. ज्याला वाटतं की सगळं जग आपल्याला पकडायला आलंय, त्याच्यासमोर खाकी नेली की त्याची खात्रीच पटते. मी स्वतःसुद्धा पांढरा अ‍ॅप्रन काढून ठेवत असे. हे नियम उपयोगी पडले होते. त्यामुळे कदम साहेबांनी मला पाहिल्याबरोबर विचारलं, "कपडे बदलायला लावू का पोरांना?"

"आधी काय झालं ते सांगा."

ते गार्ड कमांडरनं सांगितलं. तिजोरीवर पोलिसांचं एक छोटं गार्ड असतं. त्याचा प्रमुख हवालदार. त्याच्या हाताखालचे शिपाई आळीपाळीनं पहाऱ्यावर उभे राहतात. जो उभा असतो तो संत्री. हवालदार मस्के निवृत्तीला आलेले, जाडजूड गृहस्थ. त्यांचा घाम थांबत नव्हता.

"सकाळी चांगला आला की हो. लईच चांगला. कडक इस्त्री, बूट चकाचक. मी म्हनलं, राठोड, आज काय राष्ट्रपती येऊन राहिले का? हसला न्हाई. मंग टाईम झाला. जाधव गेला बदलीला. त्यानं इचारलं, कोन तू? जाधव म्हनला, तुझा बाप. रोजचं हाय आमचं. तर त्यानं रायफलच काढली."

जाधव शेजारीच उभा होता. अंगानं सडपातळ, तिशीचा. चेहरा पांढरा पडला होता.

"मला म्हनला, जाधवचं तोंड लावून आलास व्हय? मॅडम, आमी एका ताटात जेवतो."

हे वाक्य मी मनात नोंदवलं. चेहरा ओळखीचा वाटतो, पण माणूस तोच आहे यावर विश्वास बसत नाही. कोणीतरी त्याचं सोंग घेऊन आलंय, अशी पक्की खात्री असते. याला आम्ही भ्रम म्हणतो. भ्रम वाद घालून जात नाही. माणूस भ्रमात असला तरी त्याची बुद्धी चालूच असते. राठोडला वाटत होतं, पोलिसांची सोंगं घेतलेली टोळी तिजोरी लुटायला आली आहे. ती वाचवायला तो एकटा उरला आहे.

तेवढ्यात जाळीमागून आवाज आला. "ओ साहेब! मला लघवीला जायचंय!"

फेऱ्या न थांबवता राठोड ओरडला, "दम धरा, भाऊसाहेब! खरे पोलीस आल्याबिगर गेट उघडनार न्हाई!"

दूर कुंपणाबाहेर जमलेल्या लोकांत हसण्याची लाट आली. बाजाराचा दिवस होता. मुद्रांक विक्रेते टेबलं टाकून पळाले होते आणि आता कुंपणावरून बघत होते. एका शिपायानं काठी आपटत त्यांना मागं रेटलं. ते परत पुढं सरकले.

कदम साहेब घड्याळ बघत होते. ते साताऱ्याकडचे, बोलणं तुटक. "हिंगोलीहून शीघ्र कृती पथक निघालंय. ते आलं की विषय माझ्या हातात राहणार नाही. मागच्या बाजूनं दोघं कौलांवर चढवायचे, असं वरून सांगतायत. कारकुनाला काही झालं तर मी गेलो. राठोडला गोळी घालावी लागली तर... तरी मी गेलोच. पण त्याचं काय ते सांगा. तो जिवंत खाली येईल का?"

"पथक येईपर्यंत मला वेळ द्या."

"घ्या."

मी नेहमीचं सुरू केलं. व्हरांड्याच्या टप्प्यातल्या सगळ्यांना टोप्या आणि पट्टे काढायला सांगितले. मी पुढं जायचं आणि सोबत एक ओळखीचा माणूस. मस्के तयार झाले. त्यांनी खाकी शर्ट उतरवला आणि एका मुद्रांक विक्रेत्याचा चौकड्यांचा शर्ट अंगात कोंबला. तो पोटावर बसत नव्हता. मी अ‍ॅप्रन जीपमध्येच ठेवला होता. हात मोकळे दाखवत आम्ही दोघं उन्हात बाहेर पडलो. ऑक्टोबरचं ऊन होतं, डोळे उघडत नव्हते.

"राठोड," मस्के म्हणाले, "लेका, मी मस्के. तुझी ड्युटी संपली. चल, च्या पिऊ."

बूट थांबले. राठोडनं मस्केंना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग तो जे ओरडला त्यात संताप कमी आणि घबराट जास्त होती.

"टोपी कुठंय? पट्टा कुठंय? शर्ट कोनाचा हाय ह्यो? थम! थम म्हनतो ना!"

मस्के थांबले नाहीत. अर्धं पाऊल आणखी पुढं टाकलं.

गोळी व्हरांड्याच्या छतात गेली. पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला आणि जुन्या चुन्याचा धुरळा खाली आला. मस्के जमिनीवर आडवे होते. मीही होते. बोल्ट मागं ओढून पुढं ढकलल्याचा खटका ऐकू आला. म्हणजे पुढची गोळी तयार. आत कारकून देवाचं नाव घेऊन रडत होता.

आम्ही सरपटत झाडामागं आलो. मस्केंना लागलं नव्हतं. चौकड्यांच्या शर्टाची बटणं तुटली होती, तेवढंच.

"झालं?" कदम साहेब म्हणाले. "आता चढवू का पोरं?"

"नाही."

"मग काय करू ते सांगा, मॅडम. त्यानं फायर केलाय. आता वरचे थांबणार नाहीत."

काही सांगायचं म्हणून मी म्हटलं, "घरचं कोणी आहे का?"

राठोडच्या बायकोला पोलीस लाईनमधून आणलं होतं. ती फाटकाजवळ बसली नव्हती, उभीही राहत नव्हती, येरझाऱ्या घालत होती. नाव सुमन. माहेर आणि सासर दोन्ही वारंगा फाट्याच्या पलीकडच्या तांड्यांवरची. मी विचारण्याआधीच ती बोलायला लागली.

"दसऱ्याचा बंदोबस्त झाला, मंग लगेच इलेक्शनचा. घरी आला तर झोपलाच न्हाई. रातभर पट्ट्याच्या बक्कलला ब्रासो घासून राहिला. म्हने, समदे ढिले झालेत, मला एकट्यालाच सांभाळायचंय. लई बोलत होता. काल मला म्हनला, तू बी सुमन न्हाईस."

"याआधी कधी झालं होतं?"

तिनं कदम साहेबांकडे पाहिलं. ते कळून दोन पावलं बाजूला गेले.

"एकडाव झालं होतं. रजा टाकली, शेतीचं काम हाय म्हनून. नांदेडला डाक्टरला दावलं. गोळ्यानं बराबर झाला. मंग गोळ्या बंद केल्या. हापिसात सांगितलं न्हाई. नोकरी जाईल म्हनून." मग तिनं माझा दंड धरला. "बाई, आता नोकरी गेली तर जाऊ द्या. त्याला जित्ता खाली आना."

या आजाराला मॅनिया म्हणतात. झोप उडते, विचार पळायला लागतात, माणसाला वाटतं सगळं आपल्यावरच अवलंबून आहे. कितीतरी वेळा त्याची ठिणगी जागरणातून पडते. बंदोबस्तानं ती पाडली होती. औषधानं तो बरा होणार होता, याबद्दल मला शंका नव्हती. औषध त्याच्यापर्यंत पोचवायचं कसं, हा प्रश्न होता.

कदम साहेब परत आले. "बायकोला पुढं करायचं का? तिचं ऐकेल."

"तीही त्याला खोटीच वाटते. तिच्यावर रायफल रोखली तर?"

सुमन म्हणाली, "मी जाते."

"नाही," मी आणि कदम साहेब एकदमच म्हणालो.

व्हरांड्यात फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. राठोड आता मोठ्यानं बोलत होता. कोणाशी नाही, सगळ्यांशी. असं बोलणं लोक बडबड म्हणून सोडून देतात. मी ऐकत राहिले. ऐकणं हेच माझं काम आहे, आणि दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं.

"म्हने बदली! बनियनवर येतो अन् म्हने बदली! तोंडात तंबाखू! रायफल न्हाई, टोपी न्हाई! मंग दुसरा येतो चौकडीच्या शर्टात! म्हने च्या पिऊ! सरकारची तिजोरी हाय का च्याचं हॉटेल? अशी बदली असती व्हय? पाय दुखून राहिले माझे! काहून येत न्हाई खरी बदली?"

मी जाधवकडे वळले. "तुम्ही बदलीला बनियनवर गेला होतात?"

जाधवनं मस्केंकडं पाहिलं. मस्केंनी जमिनीकडं.

"पँट होती की," जाधव म्हणाला. "उकाडा किती हाय, मॅडम. इथं कोन बघतंय? समदेच तसे जातेत."

माझ्या लक्षात आलं ते असं. राठोड पहारा सोडायला नकार देत नव्हता. तो बदलीची वाट पाहत होता. पाय दुखत होते, त्याला जायचंच होतं. त्याच्या भ्रमात खऱ्या पोलिसाची एकच खूण उरली होती: पूर्ण गणवेश आणि पूर्ण पद्धत. इतर पेशंटांना खाकीची भीती असते. याला खाकी नसण्याची भीती होती. आणि मी नियमानं सगळ्यांची खाकी उतरवली होती.

मी झाडामागूनच ओरडले. "राठोड, मी दवाखान्यातून आले आहे. बदली कशी यायला पाहिजे?"

बूट थांबले. "तुमी कोन?"

"डॉक्टर."

"डाक्टरचा कोट कुठंय?"

"आणते. बदलीचं सांगा."

त्यानं सांगितलं. एका दमात, मधे श्वास न घेता, पण एकही गोष्ट मागेपुढे न होता. गार्ड कमांडर पुढं. नवा संत्री मागं, हत्यारासह. दोघंही पूर्ण गणवेशात. संत्री हटकेल. कमांडर ओळख देईल. नवा संत्री समोर येईल. जुना त्याला चार्ज देईल, म्हणजे काय काय ताब्यात आहे ते तोंडी सांगेल. कमांडर हुकूम देईल. मग जुना संत्री कमांडरच्या मागं गार्डरूमपर्यंत जाईल, तिथं हुकुमावर रायफल खाली करेल, म्हणजे गोळ्या काढेल, आणि साखळीला लावेल.

शेवटचं वाक्य ऐकून कदम साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. रायफल खाली करण्याची व्यवस्था त्यांच्याच पद्धतीत होती. ती हिसकावून घ्यायची गरज नव्हती.

"पण मॅडम," ते म्हणाले, "लोड केलेल्या रायफलसमोर मी दुसरी रायफल पाठवू? रिकामी दिली तर त्याला कळेल. भरलेली दिली आणि जाधव घाबरला तर?"

"जाधवच्या जागी दुसरा कोणी?"

"ड्युटी जाधवचीच आहे. राठोडला ते माहीत आहे. दुसरा पाठवला तर तो म्हणेल खोटा."

सगळे जाधवकडं बघायला लागले. त्यानं बनियन आत खोचलं, परत बाहेर काढलं.

"माझी पोरगी पहिलीत हाय," तो म्हणाला.

मस्के शर्ट बदलत होते. त्यांनी पट्टा आवळला, तो एक भोक कमी पडला, पोट आत ओढून बसवला. मग जाधवला म्हणाले, "चल. मी पुढं हाय. पहिली मला बसंल, मंग तुला. माझ्यातून यायला टाईम लागंल तिला."

जाधव हसला. हसला म्हणून तो जायला तयार झाला, असं मला नंतर वाटलं.

पुढची तयारी बघण्यासारखी होती. अख्ख्या गार्डमध्ये एक पूर्ण गणवेश नव्हता. टोपी पोलीस ठाण्यातून आली. जाधवचा पट्टा ड्रायव्हरचा. बूट रुमालानं पुसले. कदम साहेबांनी स्वतःची टोपी घातली आणि सगळ्यांना पट्टे चढवायला लावले. माझा अ‍ॅप्रन जीपमधून आणला. जाधवला रायफल भरलेलीच दिली. फक्त गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीत चढवलेली नव्हती. नियमानं तशीच असते.

तेवढ्यात मुख्य रस्त्याकडून सायरन ऐकू आला. हिंगोलीचं पथक. कदम साहेब फाटकाकडं अक्षरशः धावले. मागं वळून एवढंच म्हणाले, "चालू करा!"

मस्के आणि जाधव उन्हात निघाले. या खेपेला कोणी हात वर केले नव्हते. मस्केंची टाच पडत होती, जाधवची मागून पडत होती. सायरन बंद झाला. आवारात दुसरा आवाज नव्हता.

"थम! कौन आता है?"

हा प्रश्न खरं तर रात्रीचा. राठोड तो भर दुपारी विचारत होता.

मस्के थांबले. जाधव थांबला. "गार्ड कमांडर, बदलीके साथ!" मस्केंचा आवाज फुटला, पण शब्द पुरे आले.

राठोडनं रोखलेली रायफल हलवली नाही. तो दोन पावलं पुढं आला आणि दोघांना न्याहाळू लागला. टोपी, पट्टा, बूट. नजर जाधवच्या गळ्यापाशी अडली.

"बटन."

जाधवचं वरचं बटण उघडं होतं. एका हातात रायफल. दुसरा हात गळ्याशी गेला. बटण लागेना. मस्के सावधानमध्ये उभे होते, त्यांना मदत करता येत नव्हती. मी झाडामागून त्या बटणाकडं बघत होते. बटण लागलं.

राठोडनं रायफल बाजूला घेतली. जाधव त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. राठोडनं चार्ज दिला, शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"कुलपं बंद. सील साबूत. आत एक कर्मचारी, तकलीफ लघवीची. एक राऊंड फायर, छतात. बाकी सब ठीक."

"संत्री बदल!" मस्के म्हणाले.

राठोड बाजूला झाला. जाधव त्याच्या जागी उभा राहिला. मस्के वळले, राठोड त्यांच्या मागं. दोघं पाय मिळवून आवार ओलांडून गार्डरूमपर्यंत आले. फाटकात पथकाची माणसं हत्यारं घेऊन उभी होती. कदम साहेब त्यांच्यापुढं हात आडवे करून उभे होते. राठोडनं तिकडं पाहिलंही नाही.

"खाली कर!"

त्यानं रायफलचं तोंड वर केलं. बोल्ट ओढला. पितळी गोळ्या एकामागून एक मातीत पडल्या. मॅगझिन काढलं, रायफल स्टँडमध्ये ठेवली, साखळी लावली. मस्केंनी कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग ते खालीच बसले.

आपली ड्युटी संपलीये, हे राठोडच्या अंगाला आता कळायला लागलं. तो भिंतीला टेकला. तरी तोंड चालूच होतं. मी अ‍ॅप्रन घालून पुढं झाले. "मी डॉक्टर. तुम्हाला बऱ्याच रात्री झोप नाही. दोन इंजेक्शनं देणार आहे, त्यानं झोप लागेल."

"आर्डर हाय का?"

"आहे," मागून कदम साहेब म्हणाले. टोपी डोक्यावर होती.

त्यानं बाहीचं बटण सोडलं, बाही नीट घडी घालत वर घेतली आणि दंड पुढं केला. पथकातल्या एकानं दोरी आणली होती. ती मी परत पाठवली. कारकून जाळीतून सुटला आणि कोणाशी न बोलता इमारतीमागं पळाला. सुमन जीपमध्ये मागं बसली आणि नवऱ्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. हिंगोली येईपर्यंत तो घोरत होता. ती मात्र सारखी त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होती.

आपण त्याला फसवलं का, असं मला नंतर एका सहकाऱ्यानं विचारलं. नाही. बदली खरी होती. जाधव खरोखर ड्युटीवर होता. तो संध्याकाळपर्यंत वरचं बटण लावून उभा राहिला, कारण त्याला बदली द्यायची आठवण कोणाला झाली नाही.

राठोड दवाखान्यात काही आठवडे होता. औषध लागू पडलं. शुद्धीवर आल्यावर त्याला सगळं आठवत होतं. हे लोकांना माहीत नसतं. माणूस भ्रमातून बाहेर येतो तेव्हा आठवणी घेऊनच येतो. मस्केंवर गोळी झाडली, हे आठवून तो रडायचा. मस्के भेटायला आले, केळी घेऊन. म्हणाले, "नेम तर धड धरायचा, लेका. छत गळून राहिलं ना आता."

मग खातेनिहाय चौकशी लागली. आरोप दोन होते. कारण नसताना गोळी झाडणं आणि बदली घ्यायला नकार देणं. मला साक्षीला बोलावलं. चौकशी अधिकारी वयस्क, शांत गृहस्थ होते.

"त्या दिवशी त्याची मानसिक स्थिती ठीक होती का?"

"नाही."

"म्हणजे गोळी आजारामुळे झाडली?"

"हो."

"आणि बदलीला नकारसुद्धा आजारामुळेच?"

"ते मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "बदली नियमानुसार आली होती का, ते तुम्हाला मस्के आणि जाधव यांना विचारावं लागेल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बनियन कागदावर आणायचं की नाही, हा प्रश्न आता त्यांच्यापुढं होता. आणलं असतं तर मस्केंची पेन्शन अडकली असती, आणि कदाचित जिल्ह्यातल्या प्रत्येक गार्डकडं बघावं लागलं असतं. दुसरा आरोप वगळण्यात आला. पहिला आजाराच्या खात्यात गेला. राठोड नोकरीत राहिला.

गणवेश उतरवण्याचा माझा नियम मी रद्द केला नाही. त्याच्या आधी एक प्रश्न घातला: आतल्या माणसाला भीती कशाची आहे? उत्तर मिळेपर्यंत कोणी कपड्यांना हात लावायचा नाही.

राहिली राठोडच्या कामाची गोष्ट. फिट सर्टिफिकेट देताना मी दोन अटी घातल्या. एक, हत्यार द्यायचं नाही. दोन, रात्रपाळी आणि लांबलेला बंदोबस्त द्यायचा नाही, रोज रात्री झोप मिळालीच पाहिजे. पहिली अट कदम साहेबांनी जागेवर मान्य केली. दुसरी वाचून ते हसायला लागले.

"मॅडम, बिनहत्यारी पोलीस मी कुठंही बसवू शकतो. रोज झोपणारा पोलीस कुठं बसवू?"

जागा शोधायला त्यांना बरेच महिने लागले. शेवटी राठोडला कोर्टाचे समन्स वाटायचं काम मिळालं, दिवसाचं. तोपर्यंत तो आजारी रजेवर होता. औषधाला त्याला बरं करायला याहून कमी वेळ लागला होता.